पॅनेल भिंतीला चिकटतं की पुट्टीला?

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासची दुकानं, दवाखाने, ऑफिसं यांच्या आतल्या भिंती हल्ली झपाट्यानं बदलताहेत. रंगाऐवजी पीव्हीसीचे पट्टे, लाकडी दिसणारे खाचांचे लूव्हर, काउंटरमागे संगमरवरासारखा चकाकणारा यूव्ही शीट. काम एक-दोन दिवसांत उरकतं, रंगाचा वास नाही, गिऱ्हाईक खूश. मग उन्हाळा येतो. पश्चिमेच्या भिंतीवरचं एखादं पॅनेल वरच्या टोकाला सुटतं, पोटात फुगतं आणि रात्री कधीतरी दाणकन खाली येतं. मालक म्हणतो गोंद हलका होता, सुतार म्हणतो माल हलका होता, दुकानदार म्हणतो लावायला चुकलं.

अशा वेळी भांडण्याआधी पडलेलं पॅनेल उलटं करून पाहावं. बहुतेकदा गोंदाच्या रेघा पॅनेलला घट्टच असतात आणि त्या रेघांना पुट्टीचा किंवा डिस्टेंपरचा पापुद्रा चिकटून आलेला असतो. म्हणजे गोंदानं काम चोख केलं. त्यानं जे धरलं होतं, तेच भिंत सोडून आलं. म्हणून माझं सांगणं असं की आधी भिंत बघा, मग पॅनेल ठरवा आणि गोंदाचं नाव सगळ्यात शेवटी घ्या. दुकानात आपण नेमकं उलट करतो. पॅनेलचा रंग पसंत पडतो, शेजारीच ठेवलेल्या नळ्यांकडे बोट दाखवून दुकानदार म्हणतो, ‘ह्येच घ्या, सगळ्याला चालतंय,’ आणि भिंतीचा विषयच निघत नाही.

भिंतीची परीक्षा फुकटची आहे. रुपयाच्या नाण्याच्या कडेनं भिंत जोरात खरवडा. पीठ झडलं तर तिच्यावर काही चिकटवू नका. ओलं बोट चोळून बघा. बोट पांढरं झालं तर वर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. ब्लेडनं बारीक चौकटी मारून त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर पॅनेलबरोबरही येणार. शेवटी बोटाच्या पेरानं भिंत ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येतो, तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तो भाग फोडून नवा गिलावा करण्याला पर्याय नाही.

सगळी भिंत खरवडायची म्हटली की लोक दचकतात. तेवढी गरजही नसते. गोंदाच्या रेघा जिथे येणार, तिथे पेन्सिलीनं खुणा करा आणि त्या जागी दोन-अडीच इंच रुंदीचे पट्टे थेट गिलाव्यापर्यंत घासून काढा. धूळ ब्रशनं झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा. गिलावा भुसभुशीत वाटला तर पातळ अ‍ॅक्रिलिक प्रायमरचा एक हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. जुना ऑइल पेंट घट्ट असेल तर काढायची गरज नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं त्याची चमक मारली तरी पुरतं.

आता ओलीबद्दल. सोलापूर कोरडं शहर, इथे कसली ओल, असं वाटेल. पण इथे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी हौद, टाक्या, पिंपं भरून ठेवलेली असतात. हौदाला लागून असलेल्या भिंतीला पाणी नुसतं पाझरत राहतं. शिवाय पायाखाली काळी माती. ती पाणी धरून ठेवते, फुगते, आकसते आणि जुन्या घरांत जोत्यावरून ओल वर चढते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पोपडे आणि मिठासारखा पांढरा खार दिसतो तो याचाच. हा भाग झाकायलाच पुष्कळ जण पॅनेल बसवतात. पीव्हीसी भिंतीला श्वास घेऊ देत नाही. जी ओल आजवर हवेत उडून जात होती, ती आत अडकते आणि आणखी वर चढते, खार गिलावा ढकलत राहतो. त्यापुढे कोणताही गोंद टिकत नाही.

तपासायचं असेल तर दोन फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आतून दव धरलं किंवा भिंत काळपटली तर आधी हौदाची गळती, नळाची गळती, पलीकडच्या न्हाणीघराची फरशी बघा. नव्या सिमेंट गिलाव्यालाही किमान २८ दिवस द्या. इथल्या उन्हात तो वरून लवकर पांढरा पडतो, आत मात्र पाणी असतं.

भिंतींचे प्रकारही आपल्याकडे एका गावात चार पिढ्यांचे आहेत. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या आणि धाब्याच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा लेप. अशा भिंतीला गोंद लावूच नये. माती मातीला सोडते. स्क्रूसुद्धा तिथे नीट धरत नाही. खाली फरशीला आणि वर तुळईला किंवा स्लॅबला पकडणारी स्वतंत्र चौकट उभी करावी, भिंतीपासून इंचभर जागा सोडावी, खाली-वर हवेला वाट ठेवावी आणि पॅनेल त्या चौकटीला लावावीत. खर्च वाढतो, पण जुनी भिंत कोरडी राहते.

नव्या इमारतींत लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात ते हलके ब्लॉक आणि वर जिप्समचा गिलावा असतो. भिंत सपाट, ओळंब्यात. गोंदासाठी उत्तम, पण जिप्सम ओलं झालं की ताकद सोडतं, म्हणून न्हाणीघराच्या मागच्या बाजूला सावध राहा. मायवन पद्धतीनं ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींवर साच्याला लावलेल्या तेलाचा अंश राहिलेला असू शकतो. तिथे घासल्याशिवाय गोंद नको. पत्र्याच्या खोलीत थेट पत्र्याला पॅनेल चिकटवणारे महाभागही असतात. उन्हात पत्र्याला हात लावून बघा, मग तो विचार आपोआप सुटेल.

आणि एक भिंत खास आपल्या पूर्व भागातली, यंत्रमागाला लागून असलेली. शेजारच्या खोलीत माग चालू असले की भिंत दिवसभर थरथरते. वाळल्यावर काचेसारखा कडक होणारा गोंद अशा ठिकाणी लवकर तडकतो. तिथे वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहणाराच हवा.

लवचीकपणाचं दुसरं कारण ऊन. हिशेब सोपा आहे. पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०६ मिलिमीटर वाढतं. दहा फुटी पॅनेल म्हणजे तीन मीटर. डिसेंबरच्या पहाटे भिंत १५ अंशांवर असते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना पश्चिमेची भिंत ४५ अंशांपर्यंत तापते. फरक ३० अंशांचा. म्हणजे ते पॅनेल पाच मिलिमीटरहून जास्त लांब होऊ पाहतं. त्याच्या मागचा सिमेंटचा गिलावा तेवढ्याच तापमानात जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. उरलेला चार मिलिमीटरचा ताण गोंदावर येतो. गोंदाला ताणता आलं नाही तर पुट्टी तरी सुटते, नाहीतर पॅनेल तरी फुगतं. म्हणून वर-खाली मिळून पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा सोडा, ती बीडिंगखाली झाकली जाते. दोन टोकांना पॅनेल छताला आणि फरशीला ठोकून बसवणारा मिस्त्री ‘कसं फिट्ट बसवलंय’ म्हणत असतो, तेव्हा तो उन्हाळ्यातल्या दुरुस्तीची सोय करत असतो.

एवढं झाल्यावर गोंदाकडे वळू. सगळ्यात ओळखीचा पांढरा गोंद. १९५९ साली फेविकोल आलं आणि हाडं-कातडी उकळून केलेला सरस सुतारांच्या हातातून गेला. लाकडाला लाकूड, प्लायला सनमायका यासाठी पांढऱ्या गोंदाला आजही तोड नाही. पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं म्हणून तो धरतो. पीव्हीसी पाणी पीत नाही. त्यामुळे पीव्हीसी पॅनेल पांढऱ्या गोंदानं भिंतीला लावणं व्यर्थ आहे. पॅनेलखालच्या प्लायच्या चौकटीचे सांधे, प्लायवर एमडीएफ, इथपर्यंतच त्याचं राज्य.

दुसरा, सुतार ज्याला नुसतं ‘एसआर’ म्हणतात तो पिवळसर, डोकं भणाणून सोडणारा रबरी गोंद. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकट लागेल पण तार येणार नाही अशी अवस्था आली की दाबायचं. एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून दहा फुटी पॅनेल ओळंब्यात बसवायला तो त्रासाचा. साधा रबरी गोंद उष्णतेनं मऊही पडतो. आणि एक धोका कुणी सांगत नाही. बाजारात ‘चारकोल’ म्हणून मिळणारे लूव्हर बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात, म्हणजे थर्माकोलचे जातभाई. या गोंदातलं द्रावक त्यांना खातं. मागून लावलेला गोंद समोरच्या बाजूला खड्डा पाडून दाखवतो. टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाकून तासभर वाट बघा, कळेल.

सिलिकॉन हा मुळात फटी बुजवायचा माल. त्याच्या स्वस्त नळीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो प्रकार सिमेंटवर नीट धरत नाही आणि आरशामागचा मुलामा काळा करतो. आरसा, न्हाणीघराचे सांधे, यूव्ही शीटच्या कडा इथे बिनवासाचा, म्हणजे न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. सिलिकॉनवर रंग बसत नाही हेही लक्षात ठेवा. पूर्ण पॅनेल त्याच्यावर तोलायचं असेल तर माझं मत नाही असंच आहे.

‘नेल फ्री’ नावाच्या नळीपाशी खरा घोळ आहे. ते एका गोंदाचं नाव नाही. त्या नावाखाली किमान तीन वेगळे माल विकले जातात, आणि ते ओळखायला नळीची मागची बाजू वाचावी लागते. ‘ओला असताना पाण्यानं पुसून निघतो’ असं लिहिलं असेल तर तो पाण्यातला अ‍ॅक्रिलिक. लाकूड, एमडीएफ कोरड्या गिलाव्याला लावायला चांगला, पीव्हीसीला कच्चा. ज्वाळेचं चित्र आणि ज्वलनशील अशी सूचना असेल तर तो द्रावकातला. पीव्हीसीला बरा, पॉलिस्टायरीनला घातक. एमएस पॉलिमर, हायब्रिड किंवा सिलेन असा शब्द असेल तर तो तिसरा. हे रसायन जपानच्या कानेका कंपनीनं विकसित केलं. ते प्लॅस्टिक, लाकूड, गिलावा, धातू, पॉलिस्टायरीन यांना धरतं, वाळल्यावर लवचीक राहतं आणि त्यात द्रावक नसतं. सोलापूरच्या उन्हात सपाट, घट्ट गिलाव्यावर पीव्हीसी, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लॅस्टिक) किंवा चारकोल पॅनेल लावायचं तर मी हेच घेईन, नळी दीडपट-दुप्पट महाग पडली तरी. पैसे वाचवायचे असतील तर पॅनेलमध्ये वाचवा.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद ताकदवान, पण हाताला लागला की निघत नाही आणि काही प्रकार फेसाळून पॅनेल पुढे ढकलतात. एपॉक्सी दगड-धातूसाठी. पॅनेलला तो नुसता महाग नाही, फार कडकही आहे. खरा ग्रॅनाइट किंवा टाइल भिंतीला लावायची असेल तर या कशाच्याही वाटेला न जाता आयएस १५४७७ मानकाचा टाइल अ‍ॅडेसिव्ह घ्या.

एमएस आणि सिलिकॉन दोन्ही हवेतल्या बाष्पावर वाळतात, आणि वाळतात ते बाहेरून आत, दिवसाला सुमारे दोन-तीन मिलिमीटर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की हाच वेग मंदावतो. खोलीत कूलर चालू असला तर या कामाला मदतच होते. मात्र गोंद लावायच्या पद्धतीला महत्त्व येतं ते इथेच. पॅनेलच्या कडेनं चौकोनी रेघ पूर्ण बंद केली तर आत हवा पोचत नाही आणि मधला गोंद महिनाभर ओला राहू शकतो. रेघा उभ्या, सुट्या, वर-खाली उघड्या ठेवा. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे टिकले देणं ही आपल्याकडची लाडकी पद्धत. पातळ, चकाकणाऱ्या शीटवर ते टिकले पुढून फुगवट्यासारखे दिसतात आणि मधला मोकळा भाग टकटक वाजतो.

रेघ किती लागते याचाही हिशेब घरी करता येतो. नळीचं तोंड सहा मिलिमीटरला कापलं तर ३०० मिलिलिटरच्या नळीतून साधारण साडेदहा मीटर, म्हणजे ३५ फूट रेघ निघते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीला दहा इंची पॅनेल बारा लागतात. प्रत्येकावर दहा फुटांच्या दोन रेघा धरल्या तर २४० फूट झाले. म्हणजे सात नळ्या. कुणी ‘तीन नळ्यांत करून देतो’ म्हणालं तर उरलेल्या चार नळ्यांची जागा टिकले घेणार आहेत.

उन्हाळ्यात गोंदावर पाच-दहा मिनिटांत साय धरते. साय धरल्यावर पॅनेल टेकवलं तर ते वरवर बसतं, आत धरत नाही. म्हणून एका वेळी एकाच पॅनेलवर गोंद घ्या. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. पॅनेल आदल्या दिवशी त्याच खोलीत आणून आडवी ठेवा, गच्चीवर तापत ठेवलेला माल थेट भिंतीला नको. लावल्यावर दाबून, किंचित सरकवून बसवा आणि वर दोन ठिकाणी स्क्रू किंवा निदान चिकटपट्टीचा आधार २४ तास ठेवा. बीडिंगखाली झाकले जाणारे दोन स्क्रू कायमचे राहिले तर उत्तमच. छताला मात्र नुसत्या गोंदावर कोणतंही पॅनेल लावू देऊ नका. तिथे चौकट आणि स्क्रूच हवेत, कारण खाली माणसं बसतात. आणि भिंत ओळंब्यात नसेल, सुतळी धरल्यावर मध्ये पाच-सहा मिलिमीटरहून जास्त खळगा निघत असेल, तर गोंदाच्या जाड लगद्यानं तो भरू नये. पट्ट्या मारून चौकट करावी.

गॅसच्या शेगडीमागे पीव्हीसी पॅनेल कोणत्याच गोंदानं लावू नका. ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तिथे टाइलच हवी. द्रावकातला गोंद वापरत असाल तर खिडक्या उघड्या, शेगडी आणि देवापुढचा दिवा बंद, लहान मुलं दुसऱ्या घरी. त्या वाफा पेट घेतात. विजेच्या बोर्डाभोवती पॅनेल कापताना मेन स्विच बंद करा. एलईडी पट्टीचा अडॅप्टर पॅनेलमागे कोंडू नका, तो तापतो.

विकत घेताना नळीवरची तारीख पाहा. बहुतेक नळ्यांचं आयुष्य नऊ ते बारा महिने असतं, तेही थंड जागी ठेवल्यास. शटरजवळ उन्हात रचलेल्या खोक्यातली नळी तारीख असूनही आत घट्ट झालेली असू शकते. दाबून बघा, सगळीकडे सारखी मऊ लागली पाहिजे. बिलावर मालाचं पूर्ण नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. ‘नेल फ्री – ७ नग’ एवढ्या नोंदीवर नंतर कुणाशी बोलता येत नाही.

आणि पूर्ण माल उचलण्याआधी एक काम करा. निवडलेल्या पॅनेलचा फूटभर तुकडा आणि एक नळी घरी आणा. ज्या भिंतीवर काम करायचं, तिच्यावर सर्वांत जास्त ऊन लागतं तिथे तो तुकडा चिकटवा आणि चार दिवसांनी हातोडीच्या मागच्या टोकानं उचकटून काढा. गोंद मध्येच फाटला किंवा पॅनेलच तुटलं तर निश्चिंत मनानं ऑर्डर द्या. पुट्टी निघून आली तर भिंत घासायला घ्या. पॅनेल गोंदापासून स्वच्छ सुटलं तर गोंद बदला. तुकडा द्यायला दुकानदारानं खळखळ केली, तर दुसरं दुकान बघा.